चौथ्या मजल्याचा शब्द

नोंद असावी की, मंगळवार, दिनांक ९ ऑक्टोबर २०१२ रोजी, भर दुपारी, बाजाराच्या कोपऱ्यावरच्या संगणकाच्या दुकानातून एका ग्राहक महिलेच्या हाती चित्रणाची एक तबकडी देण्यात आली. तबकडीवर दुकानदाराने जाड शाईने ‘दुरुस्त’ असा शेरा मारला होता. वस्तुतः त्या तबकडीतून एका वृद्धाच्या बोलण्यातले त्याचे बोलणेच काढून टाकण्यात आले होते. हे कृत्य दुकानदाराने चुकून नव्हे तर चांगली मेहनत घेऊन केले, आणि वर ‘कसं झालंय?’ असे शाबासकीच्या अपेक्षेने विचारले, हेही नोंदीत असावे. व्यापाऱ्यांच्या संघटनेकडे केलेल्या लेखी तक्रारीला ‘ग्राहकास माल मिळाला आहे, सबब तक्रार निकाली’ असे उत्तर आले. माल मिळाला होता, यात वाद नाही. माणूस मिळाला नव्हता.

ती महिला व्यवसायाने लघुलेखिका. न्यायाधिकरणाच्या खोलीत, साक्षीदाराच्या पिंजऱ्याला लागून असलेल्या छोट्या टेबलाशी तिने उमेदीची वर्षे घालवली होती. समोरचा बोलेल ते जसेच्या तसे उतरवायचे, त्यात स्वतःची भर घालायची नाही आणि त्यातले काही गाळायचेही नाही, हा तिचा धंदा आणि हाच तिचा धर्म. साक्षीदार बोलता बोलता गप्प झाला, तर ती कंसात ‘साक्षीदार थांबतो’ असे लिही. एकदा एका वकिलाने आक्षेप घेतला होता.

“बाई, थांबला ते कशाला लिहिता? काही बोलला का तो?”

“थांबला, हेच बोलला,” असे म्हणून तिने पुढचे पान उलटले होते.

कार्यालयात तिचे नाव तक्रारबाई. गळका नळ, मोडकी खुर्ची, भिंतीवरचे पाच मिनिटे मागे पडलेले घड्याळ, कशाचीही तिच्या लेखणीतून सुटका नव्हती. तिने लग्न केले नाही. खोदून विचारणाऱ्यांना ती सांगे, “ऐकून घ्यायची नोकरी दिवसभर करते, घरी जाऊन पुन्हा तीच कुठे करू?” घरात ती, तिचे वडील, धाकटा भाऊ, वहिनी आणि त्यांची लहानगी मुलगी. चार खोल्यांचे घर, आणि त्यातली रस्त्याकडची खोली वडिलांची.

तिचा कान तयार झाला तो याच वडिलांमुळे. बाबा आयुष्यभर एका जुन्या सरकारी इमारतीत लिफ्टमन होते. जाळीचे सरकते दार, पितळी दांडी, बसायला एक स्टूल, आणि प्रत्येक मजला आला की त्याचे नाव मोठ्याने पुकारायचे, एवढे काम. साधा माणूस हे काम झोपेत करील. पण बाबा अडखळत बोलत. लहानपणापासून बोलत आले तसेच. ‘पा-पा-पा’ म्हणेपर्यंत लिफ्ट पाचव्या मजल्याला टेकलेली असे. लोक हसत. “लिफ्ट पोहोचली, लिफ्टमन अजून तिसऱ्यावरच आहे,” असे कोणीतरी हमखास म्हणे, आणि आपणच हा विनोद प्रथम केला असे त्या प्रत्येकाला वाटे.

बाबांनी त्यावर एक उपाय काढला होता. शब्द पुरा झाल्याखेरीज ते दार उघडत नसत. साहेब असो, शिपाई असो, जाळीला नाक लावून उभे राहायचे, आणि बाबांच्या तोंडून ‘पाचवा’ हा शब्द धडधाकट बाहेर पडला की मगच दार सरकायचे. सगळ्यांत कठीण होता चौथा मजला. ‘च’ हे अक्षर त्यांच्या टाळूला गोचिडीसारखे चिकटे. आणि दैव असे, की सर्वांत तापट अधिकारी बसत तेही चौथ्यावरच. त्या अधिकाऱ्याने अखेर लेखी आदेश काढला: लिफ्टमनने बोलू नये, आकडे लिहिलेली पाटी वर करून दाखवावी.

तेव्हा बाबांची ही लेक महाविद्यालयात होती. तिने आयुष्यातली पहिली तक्रार लिहिली ती या आदेशाविरुद्ध. मजला पुकारणे हे नेमणूकपत्रातले कर्तव्य असून कर्तव्य बजावण्यास मनाई करता येत नाही, असा तिचा मुद्दा होता. मुद्दा बिनतोड होता. म्हणूनच त्याला उत्तर आले नाही. अधिकारी निवृत्त झाले, पाटी अडगळीत गेली, बाबा पुन्हा पुकारू लागले. तक्रारीने न्याय मिळतो असे नव्हे. पण तक्रार करणारा अन्यायापेक्षा जास्त दिवस टिकला तर निकाल त्याच्या बाजूने लागल्यासारखा दिसतो, एवढे ती त्यातून शिकली.

घरात मात्र बाबांना पाटीची गरज नव्हती, कारण घरचा एक नियम होता. बाबांच्या तोंडातला शब्द दुसऱ्या कोणी पुरा करायचा नाही. काय म्हणायचे आहे ते कळले असले तरी नाही. आईने घालून दिलेला नियम. आई गेली, पण नियम राहिला. लेक शाळेत असताना बाबा गोष्ट सांगायला बसत आणि ती शाळेच्या पाटीवर गोष्ट उतरवून घेई. अडखळण्यामुळे तिला लिहायला वेळ मिळे. लघुलेखनाची परीक्षा ती पहिल्या फटक्यात उत्तीर्ण झाली तेव्हा बाबा म्हणाले होते, “मा-माझी मेहनत आहे ही.” ते खोटे नव्हते.

२०१२ च्या आरंभी बाबांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. समजत सगळे होते. डोळे तर पूर्वीइतकेच मिश्कील होते. पण तोंडातून नुसता श्वास येई. अडखळण्यापुरताही शब्द उरला नव्हता.

आणि पहिला बळी गेला तो घरच्या नियमाचा. बाबांनी नजर हलवली की भाऊ धावे. “पाणी? उशी? पंखा? खिडकी?” बाबा डोळे मिटून घेत. भावाला वाटे त्यांना झोप आली. लेकीला दिसे की माणूस स्वतःच्याच घरात परका होत चालला आहे.

वाचा परत यावी म्हणून आठवड्यातून ठरावीक दिवशी एक उपचारबाई घरी येत. तरुण, हसतमुख, पण खोट्या आशेला जवळ न करणाऱ्या. एक दिवस त्यांनी विचारले, “आजोबा बोलताहेत असं काही चित्रण आहे का घरात? चेहरा समोरून, अगदी स्पष्ट? काही जणांना स्वतःच्याच तोंडाकडे बघून सूर सापडतो. सापडेलच असं नाही. पण करून बघू.”

चित्रण होते. वहिनीला हौस म्हणून घेतलेला एक हाय-डेफिनिशन कॅमेरा होता, आणि त्यात बाबा नातीला लिफ्टची गोष्ट सांगत होते. खिडकीचा स्वच्छ उजेड, समोर पाय हलवत बसलेली नात, आणि ओठांवरची एकेक रेघ दिसावी इतके बारीक चित्र.

“अगदी हवं तसं,” उपचारबाई म्हणाल्या. “यातलं तोंड मोठं करून घ्या, एकेक शब्द वेगळा काढा, पुन्हा पुन्हा दाखवता येईल असा. फक्त एक सांभाळा. ओठ आणि आवाज बरोबर चालले पाहिजेत. ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे गेला, तर त्यांचा गोंधळ आणखी वाढेल.”

घरच्या जुन्या संगणकाला हे पेलवेना. चित्र दोन पावले चालून गोठे, आवाज पुढे निघून जाई. बाबांचे ओठ ‘प’ वर घट्ट मिटलेले, आणि आवाज मात्र ‘मजला’ म्हणून मोकळा झालेला. भावाने मग आपल्या शाळासोबत्याच्या दुकानातून नवा संगणक आणला. पेटीला एका बाजूने काच, आत निळे दिवे, तीन पंखे. बैठकीच्या खोलीत सर्कशीचा तंबू उतरल्यासारखे वाटले.

“मोठमोठे खेळ पळतात म्हणे यावर,” भाऊ म्हणाला.

“आपल्याला पळायचं नाहीये,” लेक म्हणाली. “बाबांच्या चालीनं चालायचंय.”

बडा घर पोकळ वासा. नवा संगणकही तितकाच अडकला. फरक एवढाच की आता तो निळ्या उजेडात अडकत होता. तेव्हा दुकानदार स्वतःहून म्हणाला, “ताई, मला द्या सगळं. तुम्ही कशाला डोकं शिणवता? गुळगुळीत करून देतो.” भावाच्या आग्रहाखातर तिने दिले. आणि वर नोंदवलेल्या मंगळवारी ती तबकडी घरी आली.

सगळे बाबांच्या खोलीत जमले. पडद्यावर बाबा दिसले, ओठ आणि आवाज चपखल जुळलेले. आणि ते बोलू लागले. न थांबता, न अडता, बातम्या देणाऱ्या माणसासारखे. ‘आमची लिफ्ट चौथ्या मजल्यावर रुसायची.’ सरळ, सपाट, एका दमात. एका शब्दावरून दुसऱ्या शब्दावर जाताना त्यांची मान मात्र झटका दिल्यासारखी हले, कारण मधले सगळे कापून टाकलेले होते.

नात म्हणाली, “हे कोण आहेत?”

खाटेवरच्या बाबांनी पडद्याकडे थोडा वेळ पाहिले. मग त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवले.

त्यानंतर उपचारबाई आल्या की ते ओठ मिटून घेत. आरसा समोर धरला की डोळेही मिटत. बाईंनी लेकीला दाराबाहेर नेऊन सांगितले, “सूर लागत नाही याची मला भीती नाही. त्यांनी शोधायचंच सोडलं, तर मात्र माझ्या हातात काही नाही. आणि ते सोडत चाललेत.”

लेक तडक दुकानात गेली. दुकानदार चहा पीत होता.

“बसा ना ताई. आवडलं का काकांना?”

“मधलं सगळं का कापलंस?”

“कापलं म्हणजे... ते हँग होत होतं ना, ते काढलं. एकाच अक्षरावर गाडी अडकत होती. च-च-च करून. एकेक शोधून काढलं मी, ताई. दुसऱ्या कुणी इतकं केलं नसतं.”

“ते मशीन नव्हतं,” ती म्हणाली. “ते माझे वडील होते.”

दुकानदाराने कप खाली ठेवला. त्याने बाबांना आयुष्यात कधी बोलताना ऐकले नव्हते. मित्राच्या घरी तो येई तो दारातूनच हाक मारून परत जाई. मग तो म्हणाला, “पण ताई, खरं सांगा. ऐकायला बरं वाटतंय की नाही आता?”

जगात असे पुष्कळ सज्जन आहेत, ज्यांना दुसऱ्याचे बोलणे ऐकायला बरे वाटावे अशी तळमळ लागलेली असते. ते ऐकावे अशी मात्र लागत नाही.

घरी भाऊ म्हणाला, “जाऊ दे ना ताई. मुद्दाम केलं नाही त्यानं. संघटनेकडे काय तक्रार करतेस? मला तोंड दाखवायला जागा ठेव.”

“तुला दाखवायला तोंड तरी आहे,” ती म्हणाली. “बाबांचं कापलंय.”

तक्रारीचे काय झाले ते वर आलेच आहे. ते उत्तर हाती पडल्यावर तिने पुन्हा लेखणी उचलली नाही. मूळ चित्रण कॅमेऱ्यात शाबूत होते. तिने काचेच्या पेटीसमोर खुर्ची ओढली आणि कार्यालयातून रजा टाकली. कार्यालयाला धक्काच बसला. तक्रारबाई रजेवर जाते म्हणजे काय.

तिने माहितीपत्रके वाचली, आंतरजालावर शोधशोध केली. बरेचसे डोक्यावरून गेले. पण एके ठिकाणी ती थबकली. असे कॅमेरे, म्हणे, प्रत्येक चित्र पूर्ण साठवतच नाहीत. एक चित्र पूर्ण घेतात आणि पुढच्या कित्येक चित्रांचा नुसता फरक टिपतात: इथे ओठ हलला, तिथे पापणी लवली, बाकी मागच्याप्रमाणे. मग दाखवताना संगणकाने त्या खुणांवरून सगळे पुन्हा उभे करायचे, तेही धावत्या वेगात.

ती मोठ्याने हसली. वहिनी स्वयंपाकघरातून डोकावली.

“काय झालं, वन्सं?”

“अगं, हा कॅमेरा लघुलेखन करतो. माझ्यासारखंच. आणि आपण या बिचाऱ्याला सांगतोय की खुणा वाचता वाचताच खाडाखोड कर. अशानं माझीसुद्धा बोबडी वळेल. आधी स्वच्छ प्रत काढायची असते. मग ती दुरुस्त करायची.”

स्वच्छ प्रत काढायची सोय होती. चित्रणातले प्रत्येक चित्र पूर्ण उलगडून ठेवायचे. जागा भरमसाट लागते, पण वाचताना संगणकाला कष्ट पडत नाहीत. तिने प्रत काढायला लावली. संगणक घरघरला, पेटीवरचा छोटा लाल दिवा लागला तो विझेचना, आणि निम्म्यावर सगळे ठप्प झाले.

वहिनी एका पार्सल कंपनीच्या गोदामात मालाची आवक-जावक बघे. ती पदराला हात पुसत येऊन उभी राहिली. “हा लाल दिवा कसला?”

“हार्डडिस्क काम करतेय त्याचा.”

“आणि जुनं चित्रण कुठून वाचतंय?”

“त्याच डिस्कवरून.”

“नवी प्रत कुठे लिहितंय?”

“त्याच डिस्कवर.” लेक बोलता बोलता थांबली. “आणि मेमरी अपुरी पडली की उरलेलं सामानही तिथेच नेऊन टाकतंय.”

“मग तुंबणार नाही तर काय? आमच्याकडे एक दार होतं तेव्हा हेच. आत येणारी गाडी आणि बाहेर जाणारी गाडी समोरासमोर, आणि ड्रायव्हर एकमेकांच्या खानदानाची चौकशी करताहेत. भिंत फोडून दुसरं दार केलं तेव्हा कुठे शांतता झाली.”

दोघींनी एकमेकींकडे पाहिले. चूक प्रोसेसरची नव्हतीच. चार जणांचे काम करणारा तो गडी हात बांधून दारात उभा होता, कारण माल त्याच्यापर्यंत पोहोचतच नव्हता. हवी होती दुसरी डिस्क, एकीवरून वाचायला आणि दुसरीवर लिहायला. आणि हवी होती दुप्पट रॅम, म्हणजे चालू कामाचा पसारा मांडायला मोठे टेबल. नको होते ते खेळांसाठी घातलेले भलेमोठे कार्ड, ज्याच्यासाठी निम्मे निळे दिवे होते.

या वेळी दोघी मिळून दुकानात गेल्या. वहिनीने कार्ड दुकानाच्या टेबलावर ठेवले.

“भावोजी, हे परत घ्या. याच्या बदल्यात दुसरी डिस्क आणि रॅम द्या.”

“अहो वहिनी, हे कार्ड म्हणजे या मशीनचा जीव आहे.”

“जीव आमच्या घरी खाटेवर आहे,” लेक म्हणाली. “हा शृंगार आहे. काढ.”

दुकानदाराने भाग काढून दिले. “बसवून देऊ का?” असे त्याने विचारले, आणि दोघींच्या तोंडाकडे बघून त्याचे उत्तर स्वतःच समजून घेतले.

पेटी स्वयंपाकघरातल्या टेबलावर आडवी घालण्यात आली. डिस्क बसली, तारा जोडल्या गेल्या. रॅमच्या पट्ट्या खाचेत ठेवून लेकीने अलगद दाबल्या, जशी ती टंकयंत्राची नवी फीत बसवत असे. बटण दाबले. पडदा काळा. आणि पेटीतून आवाज येऊ लागला: टूं... टूं... टूं...

वहिनी म्हणाली, “घ्या. हाही अडखळायला लागला. घरचं वळण.”

“ह्यांना बोलवायचं का?” हे मात्र तिने हळूच विचारले. ‘ह्यांना’ म्हणजे नवऱ्याला.

“नको. तो मित्राला बोलवील.” लेकीने पुस्तिका उघडली. एकसारखे टूं वाजत राहिले तर रॅम नीट बसलेली नाही, असे तिथे लिहिले होते. म्हणजे यंत्र बिघडले नव्हते, ते काहीतरी सांगत होते, आणि कोणी तरी ऐकून घ्यावे एवढेच त्याचे मागणे होते. तिने वीज बंद केली आणि पट्टीवर अंगठा ठेवला.

“दाबा, वन्सं. बाळ नाहीये ते.”

“मोडली तर?”

“मोडली तर मी आहे. दाबा.”

तिने दाबले. कट् असा आवाज आला आणि दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या आपोआप मिटल्या. दुसरी पट्टी, पुन्हा कट्. या वेळी बटण दाबल्यावर पेटीने एकच छोटी शीळ घातली आणि पडदा उजळला.

स्वच्छ प्रत निघाली. लाल दिवा आता लुकलुकत होता, मध्येच विसावा घेत होता. लेकीने चित्रण सुरू केले. बाबा पडद्यावर आले. ओठ आणि आवाज एकत्र. “आ-आमची लि-लिफ्ट,” बाबा म्हणाले, “च-च—”

आणि थांबले.

वहिनीने कपाळावर हात मारला. “परत अडकलं. गेलं सगळं पाण्यात.” तिचा हात बटणाकडे गेला. लेकीने तो वरच्या वर धरला.

“थांब. पापण्या बघ.”

पडद्यावर बाबांच्या पापण्या लवत होत्या. खिडकीतला पडदा वाऱ्याने हलत होता. समोर बसलेल्या नातीचे पाय झुलत होते, पुढे आणि मागे, एकसारखे. संगणक कुठेही अडकला नव्हता. सगळे जग सुरळीत चालले होते, आणि त्यात एक माणूस आपल्या शब्दापाशी, आपल्या हक्काने थांबलेला होता. यंत्राचे अडखळणे कुठे संपते आणि बाबांचे कुठे सुरू होते, हे त्या यंत्रावर पहिल्यांदाच डोळ्यांना दिसले.

“—चौथ्या मजल्यावर रुसायची,” पडद्यावरचे बाबा म्हणाले.

वहिनीने पदर डोळ्यांना लावला आणि मग तोच पदर झटकून म्हणाली, “चला. आता कामाला लागा.”

पुढचे काम लेकीचे. चित्र बारीक असल्यामुळे नुसते तोंड मोठे करूनही ते फुटत नव्हते. तिने एकेक शब्द वेगळा केला. प्रत्येक शब्दाच्या आधीचे थांबणे तिने त्या शब्दालाच जोडून ठेवले. थांबणे हा शब्दाचाच भाग आहे, हे तिला कोणी शिकवायची आवश्यकता नव्हती.

पहिल्या दिवशी बाबा पडद्याकडे बघायला तयार नव्हते. तोंड भिंतीकडे. उपचारबाईंनी लेकीला खूण केली, आवाज तेवढा लावा. खोलीत आवाज घुमला: “च-च—” बाबांची मान हलली. हळूहळू ती फिरली. त्यांनी पडद्यावरचे ते मोठे, हट्टी, च वर अडून बसलेले तोंड पाहिले, आणि जुना ओळखीचा माणूस गर्दीत भेटावा तसे पाहिले. त्यानंतर ते रोज पाहू लागले. ओठ हलू लागले. आवाज नव्हता, पण ओठ शोधत होते. शोध पुन्हा सुरू झाला होता. भावाला मात्र राहवत नसे. बाबांचे ओठ हलले की तो पुढे वाकून म्हणे, “काय? चौथा? चौथा म्हणायचंय?” शेवटी लेकीने त्याला दाराजवळच्या खुर्चीवर बसवले.

“आईचा नियम आठवतो का?”

भाऊ ओशाळला. “आठवतो.”

“मग तोंडावर हात ठेव.”

आणि एका रविवारी, उन्हे खाटेवर आलेली असताना, सगळे खोलीत होते. भाऊ तोंडावर हात ठेवून, वहिनी दाराला टेकून, नात जमिनीवर, उपचारबाई आरसा मांडीवर पालथा घालून. पडद्यावरचे बाबा गोष्ट सांगत चौथ्या मजल्यापाशी आले. “आ-आमची लि-लिफ्ट च-च—” आणि नेहमीप्रमाणे थांबले. त्यांच्या पापण्या लवल्या. खिडकीतला पडदा हलला. कोणी काही बोलले नाही.

“च... चौथा.”

आवाज पडद्यातून आला नव्हता. पडद्यावरचे बाबा अजून च वरच होते. शब्द खाटेवरून आला होता. जाडाभरडा, गंजलेला, पण पूर्ण. साऱ्या जगात ज्या एकाच माणसाला तो शब्द पुरा करायचा अधिकार होता, त्यानेच तो पुरा केला होता, तोही स्वतःच्या आधी.

बाबांनी पडद्याकडे, त्या मागे पडलेल्या स्वतःकडे, जरा कीव करून पाहिले. मग त्यांनी डावा हात उचलला, हवेतली एक अदृश्य जाळी धरली आणि ती सावकाश बाजूला सरकवली. मजल्याचे नाव पुरे झाले होते. दार उघडायला आता हरकत नव्हती.

भाऊ रडत रडत हसत होता. उपचारबाई आरसा उचलायचेच विसरल्या. लेकीने घड्याळाकडे पाहिले नाही, काही लिहूनही घेतले नाही. हा एकच जबाब तिने आयुष्यात नोंदवल्यावाचून सोडला.

शब्द एकामागून एक परत आले, आणि येताना आपले अडखळणे बरोबर घेऊन आले. अडखळणाऱ्या माणसाचे इतक्या आनंदाने स्वागत एखाद्या घराने क्वचितच केले असेल. लेक कार्यालयात रुजू झाली आणि पहिल्याच दिवशी तिने मागे पडलेल्या घड्याळाची तक्रार नव्याने दाखल केली. काचेच्या पेटीतले निळे दिवे मात्र तिने काढून टाकले नाहीत, कारण बाबांना ते आवडू लागले होते.

काही आठवड्यांनी दुकानदार मिठाईचा पुडा घेऊन दारात आला. भावाने त्याला आत, बाबांच्या खोलीत नेले. बाबांनी त्याला नीट निरखले आणि म्हणाले, “ब-ब-ब—”

“बरं आहे ना, काका?” दुकानदार घाईने म्हणाला. “बरं वाटतंय?”

“थांबा, काका,” जमिनीवरून नात म्हणाली. “शब्द त्यांचा आहे.”

दुकानदार थांबला. पंखा फिरत होता. खिडकीतला पडदा हलत होता. त्याने आयुष्यात बहुधा प्रथमच, कोणाच्या तरी शब्दासाठी, हाताची घडी घालून वाट पाहिली.

“बस,” बाबा म्हणाले.

तो बसला.

वाचकांकडे मागणी एवढीच आहे, आणि ती विनंती समजू नये. समोरचा बोलता बोलता अडला, तर त्याचा शब्द पुरा करू नका. घरातल्या माणसाचे चित्रण हाती घ्याल, तेव्हा यंत्र अडते की माणूस थांबतो, हे आधी नीट बघा; यंत्राचे अडणे दूर करा, माणसाचे थांबणे कापू नका. आणि ऐकायला वेळ नसेल, तर तसे स्पष्ट सांगून खोलीबाहेर जा.

दार, शब्द पुरा झाल्यावर, उघडेल.